केसवर्करचं पर्यवेक्षण: रजिस्टरवरच्या सहीच्या आधी आणि नंतर करायचं काम

महिनाअखेर आली की तालुक्याच्या ऑफिसात बैठक लागते. नवीन केस किती, गृहभेटी किती, फॉलोअप किती हे विचारलं जातं. आकडे जुळले की रजिस्टरवर सही होते, चहा होतो आणि सगळे आपापल्या गाडीला लागतात. बऱ्याच संस्थांत यालाच पर्यवेक्षण म्हणतात, पण ही झाली तपासणी. तपासणीत केसवर्कर, म्हणजे हिंसाचाराच्या आणि मुलांच्या केस घरोघरी जाऊन सांभाळणारी कार्यकर्ती, आपली चूक झाकते. पर्यवेक्षणात तीच चूक तिनं सगळ्यात आधी, न घाबरता सांगायला हवी. ती झाकली गेली तर त्याची किंमत केसवर्कर मोजत नाही, घरात मार खाणारी बाई आणि तिची लेकरं मोजतात.

खालचे टप्पे क्रमानं घ्या. पहिले तीन न करता चौथ्यावर उडी मारली की आठवड्याचा तास पुन्हा हजेरीच्या बैठकीसारखा होतो.

## १. आधी माणसं आणि केस मोजा

एका पर्यवेक्षकाकडे पाच ते सहा केसवर्कर असाव्यात. बालसंरक्षणाच्या कामात एका केसवर्करकडे एका वेळी जास्तीत जास्त २५ चालू केस धरतात. हिंसाचाराच्या केस अधिक असतील तर १५ ते २० वर थांबणं बरं. चालू केस म्हणजे जिचा पुढचा फॉलोअप तारखेसह ठरलेला आहे ती. रजिस्टरात नाव आहे पण चार महिन्यांत कुणी गेलेलं नाही, ती केस चालू नाही. ती सुटलेली आहे, आणि तिची यादी वेगळी काढा.

नुसता आकडा पुरत नाही. अंबाजोगाई शहरातल्या दहा केस आणि डोंगरातल्या तांड्यावरच्या दहा केस यांचं ओझं सारखं नसतं. जिथं दिवसात एसटीच्या दोनच फेऱ्या आहेत तिथं एका गृहभेटीत अख्खा दिवस जातो. वाटप करताना गावांची यादी आणि गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवा.

मग संपर्काचा तक्ता करा. त्यात हे हवेत: संरक्षण अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर (हिंसाचार सोसणाऱ्या बाईला एकाच जागी मदत आणि तात्पुरता निवारा देणारं केंद्र), बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, विशेष बाल पोलीस पथक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा व ग्रामीण रुग्णालय, आणि प्रत्येक गावचे ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका. खाली ठळक अक्षरात: ११२ तातडीची मदत, १८१ महिला हेल्पलाइन, १०९८ मुलांसाठी, १५१०० विधी सेवा, १४४१६ टेली मानस (मानसिक आरोग्य).

तपासा: दर तीन महिन्यांनी तक्त्यातला प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहा. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि तक्त्यावर जुनंच नाव राहतं. रात्री दहा वाजता केसवर्करच्या हातात बंद नंबर असेल तर तो दोष तिचा नाही, तुमचा आहे.

## २. नातंगोतं आणि लेखी करार

आपल्याकडे दोन गावं सोडली की कुणी ना कुणी पाहुणा निघतोच. केस देण्याआधी केसवर्करला विचारा: बाईच्या सासरी किंवा माहेरी तुमची सोयरीक आहे का? भावकी आहे का? ज्याच्यावर आरोप आहे तो ओळखीचा आहे का? 'हो' आलं तर केस दुसरीकडे द्या. तिच्यावर अविश्वास म्हणून हे करायचं नसतं. एखाद्या लग्नात पंगतीला बसल्यावर कुणी तिला विषय काढून कोंडीत पकडू नये, म्हणून करायचं. जिची केस आहे त्या बाईलाही विचारा: या ताईंशी बोलायला तुम्हाला अडचण नाही ना?

नंतर प्रत्येक केसवर्करशी एका पानाचा करार करा. त्यात आठवड्यातला ठरलेला वार आणि तास, बसायची जागा, अडीअडचणीला फोन कोणत्या वेळेत करायचा, आणि तुम्ही रजेवर असाल तर पर्यायी पर्यवेक्षक कोण, हे लिहा. पर्यवेक्षणात सांगितलेलं काय तुमच्यापाशीच राहील आणि काय वर कळवावं लागेल, हेही लिहा. तिचं रडणं, थकवा, गोंधळ तुमच्यापाशी राहील. मुलाला धोका, पैशांचा गैरव्यवहार, लाभार्थीशी गैरवर्तन वर जाईल. हे आधी न सांगता नंतर वर कळवलंत तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

सावधान: पगारवाढीचं मूल्यमापन करणारी आणि आधार देणारी व्यक्ती शक्यतो एक नसावी. छोट्या संस्थेत ते जमत नाही. मग निदान दोन्ही बैठका वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि आज कोणती आहे हे सुरुवातीलाच सांगा.

## ३. पहिला महिना: सोबत जा

नवीन केसवर्कर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली असो की गावातलीच आशाताई असो, तिला पहिल्या दिवशी एकटीला पाठवू नका. क्रम असा ठेवा: दोन मुलाखती ती फक्त पाहील, दोन जोडीनं घेईल, दोन ती घेईल आणि तुम्ही पाहाल. त्यानंतर ती एकटी.

तुम्ही पाहायला बसणार असाल तर बाईची परवानगी घ्या. नाही म्हणाली तर उठून बाहेर जा, तिला कारण विचारू नका. बसलात तर बाजूला बसा, समोर नको. मध्ये बोलायचं फक्त सुरक्षिततेचा प्रश्न आला तर. केसवर्करचा एखादा प्रश्न चुकला की पर्यवेक्षक लगेच सूत्रं हातात घेतात, ही नेहमीची चूक आहे. त्या क्षणी केसवर्करचा शब्द त्या घरात हलका होतो आणि तो पुन्हा जड व्हायला महिने लागतात.

परतताना रस्त्यातच बोला. आधी तिला विचारा, काय जमलं, कुठे अडलं. मग तुम्हाला दिसलेली एक चांगली गोष्ट आणि सुधारायची एक. एकच. पाच सांगितल्या तर तिच्या लक्षात एकही राहत नाही.

## ४. आठवड्याचा तास

सगळ्या कामाचा कणा हाच. साठ मिनिटं, दार बंद, फोन बाजूला. साधारण विभागणी अशी:

- पहिली दहा मिनिटं: तिची हालहवाल, गेल्या वेळी ठरलेल्या कामांचं काय झालं
- पुढची दहा: ज्यात जिवाचा धोका आहे अशा सगळ्या केस, फक्त एकेका वाक्यात
- तीस मिनिटं: दोन केस सखोल. एक ती निवडेल, एक तुम्ही
- शेवटची दहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि ते लिहून दोघींच्या सह्या

सगळ्या केसवर धावती नजर टाकायचा मोह आवरा. वीस केस साठ मिनिटांत म्हणजे प्रत्येकीला तीन मिनिटं, आणि तीन मिनिटांत कुणाचाही संसार कळत नाही. दर वेळी दोनच केस घेतल्या तर फिरत फिरत अडीच-तीन महिन्यांत सगळ्या होतात. तुमच्या निवडीची केस मुद्दाम अशी घ्या, जिच्याबद्दल केसवर्कर काहीच बोलत नाही.

आता बोलणं कसं करायचं ते. समजा केसवर्कर सांगते, "बाईची समजूत काढली, ती सासरी गेली." इथे दोन चुका होतात. एक, पर्यवेक्षक "छान" म्हणून पुढच्या केसला जातात. दोन, "असं कसं पाठवलं?" म्हणून झापतात. दोन्हींनी बाईबद्दल नवीन काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा:

- जायचं तिनं ठरवलं, की आपण, की तिच्या भावानं?
- शेवटची मारहाण कधी झाली होती आणि कशानं?
- लेकरं कुठे आहेत?
- तिच्याकडे फोन आहे का? तो रात्री कुणाच्या उशाशी असतो?
- रात्री अकराला तिला घरातून निघावं लागलं तर ती कुठल्या दारात जाईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर केसवर्करकडे नसेल तर सुरक्षा आराखडा झालेला नाही, फॉर्मवर खूण असली तरी.

फाइलमधले काही शब्द दिसले की थांबा. आमच्या मते पर्यवेक्षकाला एवढं एकच कौशल्य नीट आलं तरी निम्मं काम होतं.

"समजूत काढली." कुणाची आणि कशासाठी? बहुतेक वेळा बाईला गप्प केलेलं असतं.

"तडजोड झाली." हिंसाचाराच्या केसमध्ये मध्यस्थी करणं हे केसवर्करचं काम नाही. भावकी, पंच, तंटामुक्ती समिती यांच्यासमोर, नवऱ्याच्या शेजारी उभी राहून बाई खरं बोलू शकत नाही. तिथे ती "नांदते" म्हणते, आणि घरी गेल्यावर चारचौघांत गेल्याची शिक्षा भोगते. गाव बैठक बसवणारच असेल तर तिला तिचे हक्क आधी माहीत आहेत का, आणि बैठकीनंतर त्याच रात्री तिची खबर कोण घेणार, हे बघा.

"सहकार्य करत नाही." याचा अर्थ जवळजवळ नेहमीच भेटीची वेळ चुकलेली असते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई अंधार पडेस्तोवर रानात असते. किंवा सासू उंबऱ्यात बसून ऐकत असते. वेळ आणि जागा बदलून बघा: अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्रातला लसीकरणाचा दिवस, बचत गटाची बैठक.

"परिस्थिती सामान्य." कुणी पाहिली, कधी, आणि बाई एकटी असताना विचारलं का?

## ५. त्याच दिवशी फोन: धोक्याच्या केस

आठवड्याच्या तासाची वाट न पाहता केसवर्करनं तुम्हाला कधी फोन करायचा याची यादी तिच्या डायरीत चिकटवा. गळा दाबला, कोयता किंवा कुऱ्हाड उगारली, गरोदर असताना मारहाण झाली, जिवे मारण्याची धमकी आली, बाई नुकतीच घर सोडून आली आहे किंवा सोडण्याच्या बेतात आहे, किंवा "विहीर जवळ करीन" असं ती म्हणाली. यातलं एकही असेल तर धोका मोठा आहे. गळा दाबल्याच्या खुणा बाहेरून दिसल्या नाहीत तरी बाईला दवाखान्यात न्यायचं. मरणाची भाषा निघाली तर केसवर्करनं सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का? कसा, काही ठरवलंय का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध हाताशी असतं. ते आज कुलपात किंवा शेजाऱ्याकडे जायला हवं, आणि बाई एकटी राहू नये.

लैंगिक अत्याचार. पहिले ७२ तास मोलाचे: एचआयव्ही टाळण्याची औषधं या मुदतीत सुरू करावी लागतात आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी असो वा खासगी, दवाखान्यानं प्रथमोपचार व उपचार मोफत द्यायचे असतात, आणि त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. "पोलिसांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवलं तर केसवर्करनं तिथूनच तुम्हाला फोन लावावा. कपडे धुवायचे नाहीत. ते प्लास्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळून न्यायचे.

१८ वर्षांखालील मूल असेल तर पॉक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) च्या कलम १९ नुसार ज्याला माहिती आहे त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसानं मुलावर केलेला लैंगिक गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत. "मॅडमला विचारते" म्हणून दोन दिवस घालवणं केसवर्करला वाचवत नाही, म्हणून तुम्ही तिला आधीच सांगून ठेवा: कळवायला माझी परवानगी लागत नाही, फक्त मला सांगून कर. केसवर्करनं मुलाला खोदून खोदून विचारू नये. कळवण्यापुरतं कळलं की थांबावं, बाकी जबाबात येईल. तो जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरील महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे केसवर्करला तोंडपाठ हवं, कारण ठाण्यात ते तिलाच सांगावं लागतं.

प्रौढ बाईच्या बाबतीत तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. केसवर्करचा आग्रह नको आणि परावृत्त करणंही नको. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, तो मार्ग तिला माहीत असायला हवा.

निराधार किंवा सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. दया येऊन केसवर्कर मुलाला एक रात्र आपल्या घरी नेते. असं करू देऊ नका. भावना चांगली असते, पण मूल कायद्याच्या नजरेतून निसटतं आणि केसवर्करवर बालंट येतं. लगेच १०९८.

बालविवाह होणार असं कळलं तर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या सहाय्यक. दोघांना कळवा आणि १०९८ लाही. खबर देणाऱ्याचं नाव फाइलमध्ये लिहू नका. लग्न थांबलं की केस बंद करणं ही फार महागात पडणारी चूक आहे. तारीख पुढे ढकलून किंवा दुसऱ्या गावात लग्न उरकलं जातं. मुलगी १८ ची होईपर्यंत फॉलोअप चालू ठेवा, आणि शाळा हा त्याचा पहिला प्रश्न ठेवा. लग्न झालेलंच असेल तर ते रद्द करून घेण्याचा अर्ज ती सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत करू शकते, हेही तिला कळायला हवं.

तपासा: पहिल्याच भेटीत केसवर्करनं गोपनीयतेच्या मर्यादा सांगितल्या का? "तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण लेकराला धोका असेल तर मला कळवावं लागेल." हे आधी सांगितलं नसेल तर कळवणं हा बाईला दगा वाटतो.

## ६. फाइल तपासणी

दर महिन्याला प्रत्येक केसवर्करच्या तीन फाइल, तुम्ही निवडलेल्या. पाहायचं ते: संमती आहे का, धोक्याची नोंद तारखेसह आहे का, आराखड्यात बाईचे स्वतःचे शब्द आहेत का, ठरलेला फॉलोअप झाला का. शुद्धलेखन सोडून द्या.

फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कुलपात. सुरक्षित संपर्काचा रकाना भरलेला हवा: कोणता नंबर, कोणती वेळ, आणि फोन दुसऱ्यानं उचलला तर काय सांगायचं. "बचत गटातून बोलतेय, उद्या बैठक आहे" असं काहीतरी बाईशी ठरवून ठेवावं.

सावधान: व्हॉट्सॲप ग्रुपवर केसचा फोटो, नाव, गाव, एफआयआरची प्रत काहीही नाही. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि गावाचं नाव व मुलीची इयत्ता एवढ्यावरूनही ओळख पटते.

## ७. ऊसतोडीचा हंगाम

बीड, जालना, धाराशिव, परभणीच्या गावांत दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. पर्यवेक्षणाचं वेळापत्रक याच्याशी जुळवलं नाही तर दर वर्षी नोव्हेंबरात निम्म्या केस हरवतात आणि अहवालात "स्थलांतरित, बंद" लिहिलं जातं.

ऑगस्टअखेर प्रत्येक केसवर्करसोबत बसून यादी करा: कोण जाणार, कोणत्या भागात, कोयत्यात (एकत्र ऊस तोडणाऱ्या जोडीत) कोण कोण, लेकरं सोबत की आजीकडे. उचल (टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ मिळणारी रक्कम) घेतलेली आहे का हेही, कारण अंगावर उचल असताना बाईला मधेच निघणं कठीण असतं. नवऱ्यासोबत कोयता मोडला तर पैसे कोण फेडणार, हा तिचा पहिला प्रश्न असतो आणि सुरक्षा आराखड्यात त्याला जागा हवी.

सप्टेंबरात जाण्यापूर्वीची भेट. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी, वयात आलेली मुलगी असेल तर ती कुणाजवळ राहणार याची नोंद. मुलीला एकटं ठेवायची भीती हे तिचं लग्न उरकण्याचं मोठं कारण आहे. सोबत जाणाऱ्या गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याच पिशवीत हवं.

फोनसाठी मुकादमाचा नंबर घेऊ नका. तो सगळ्यात सोपा मिळतो, म्हणूनच सगळ्या फाइलींत तो दिसतो. शेजारच्या कोपीतली (झोपडीतली) बाई, फडावर येणारी आशा किंवा तिथल्या संस्थेची केसवर्कर पाहा. केस तिकडे सोपवायची तर बाईच्या संमतीनं, दोन्ही केसवर्करनी फोनवर बोलून, आणि लेखी. नुसतं पत्र पाठवलं म्हणजे केस पोचली असं नाही.

एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. सगळे एकदम परततात, लग्नसराई असते, पाण्याचे टँकर सुरू असतात. या दोन महिन्यांत नवीन केस कमी घ्या आणि कुणाच्या रजा एकाच वेळी पडणार नाहीत हे बघा.

## ८. केस परिषद आणि गटबैठक

गटबैठक महिन्यातून एकदा, दीड तास, नाव न घेता एक अवघड केस. केस परिषद वेगळी: एका बाईच्या प्रश्नावर पोलीस, दवाखाना, शाळा, संरक्षण अधिकारी एकत्र लागतात तेव्हा. तिच्या संमतीशिवाय ती बोलवू नका आणि प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच माहिती द्या.

## ९. केसवर्कर थकते तेव्हा

ती उशिरा येऊ लागते, फाइल कोरी राहते, बाईंबद्दल तुच्छतेनं बोलू लागते, किंवा उलट रात्री-अपरात्री सगळ्यांचे फोन स्वतः घेऊ लागते. शेवटचं लक्षण कौतुकाचं वाटतं, म्हणून ते सुटतं. त्यावर "खंबीर हो" हा उपाय नाही. नवीन केस दोन आठवडे थांबवा, फोनची वेळ ठरवून द्या, एखाद्या केसमध्ये मृत्यू झाला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या आणि त्या आठवड्यात दोनदा बसा.

क्षेत्रातली सुरक्षा ठरलेली असावी: तणावाच्या घरी दोघी जातील, निघताना आणि परतल्यावर मेसेज, आरोपीच्या नातेवाइकाच्या गाडीत बसायचं नाही, शेवटच्या एसटीच्या आधी निघायचं. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी नोंद, आणि पुढची भेट तुम्ही सोबत. धमकी तोंडी होती म्हणून सोडून देऊ नका.

## १०. केस बंद करणं

बंद करण्याचा निर्णय केसवर्कर एकटीनं घेऊ नये. तुमची सही तीन गोष्टींनंतरच: आराखड्यातली उद्दिष्टं पूर्ण झाली किंवा बाईनं स्वतः थांबायला सांगितलं, धोका कमी झाल्याचं तिनं एकटी असताना सांगितलं, आणि पुन्हा कुठे यायचं हे तिला पाठ आहे. संपर्क तुटला असेल तर वेगवेगळ्या वेळी, सुरक्षित मार्गांनी किमान तीन प्रयत्न झाल्याची नोंद पाहा. प्रकल्पाचा निधी संपतोय म्हणून केस बंद करायच्या असतील तर तीन महिने आधी सुरुवात करा आणि प्रत्येक बाईला पुढच्या संस्थेच्या किंवा सखी केंद्राच्या दारापर्यंत केसवर्कर स्वतः घेऊन जाईल अशी तारीख लावा. सखी केंद्रातला मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो. सहाव्या दिवशी ती कुठे जाणार, हे पहिल्याच दिवशी लिहा.